पट्ट्याची शेवटची वीत

“पाणी नंतर,” सीताराम रणपिसे म्हणाले आणि पुढे आलेल्या ट्रेकडे न पाहताच त्यांनी गाडीचा मागचा दरवाजा उघडला.

श्यामलाबाई रिसबूड ट्रे धरून तशाच उभ्या राहिल्या. शनिवार पेठेतल्या त्या सहामजली इमारतीच्या पार्किंगमध्ये ऊन शिरत नव्हते. तरी एप्रिलमधली सकाळी अकराची उष्णता खांबाखांबांमध्ये दाटून राहिली होती. विश्रांतवाडीपासून स्कूटरवर मागे बसून आलेल्या सदुसष्ट वर्षांच्या माणसाने अशा वेळी माठातल्या पाण्याला नाही म्हणावे, याचा अर्थ त्यांना लागेना. त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. अनंत रिसबूडांनी चष्मा नाकावर खाली ओढून पाहुण्याकडे पाहिले.

“वाळा घातलाय त्यात,” ते म्हणाले. “बाधणार नाही.”

“बाधायचा प्रश्न नाही, साहेब. तपासणी झाली की घेतो.”

“असं होय! मला वाटलं, आधी पाण्याची तपासणी करणार.”

सीतारामांचा मुलगा चेतन हसला, विनोदाच्या योग्यतेपेक्षा अंमळ मोठ्याने हसला. त्याने पुढे होऊन एक भांडे उचलले, एका दमात रिकामे केले आणि वाळ्याची तोंडभरून स्तुती केली. “पप्पांची सवय आहे हो काकू, फॅक्टरीतली. मनावर घेऊ नका.”

श्यामलाबाईंनी दुसरे भांडे विजेच्या मीटरांखालच्या कट्ट्यावर ठेवले आणि त्यावर बशी झाकली.

ती सवय खरोखरच फॅक्टरीतली होती. संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात सीतारामांनी छत्तीस वर्षे तपासनिसाचे काम केले. बाहेरून येणारा माल मोजायचा, उघडायचा, घासून पाहायचा आणि कागदावर ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ एवढे लिहून खाली सही करायची. या दोन शब्दांच्या मधे तिसरा शब्द त्यांनी कधी लिहिला नाही. ज्याचा माल तपासायचा, त्याच्या दारचे पाणीसुद्धा निर्णय लिहून होईपर्यंत घ्यायचे नाही, हा नियम मात्र सरकारी पुस्तकात नव्हता. तो त्यांचा स्वतःचा होता. सहकारी त्याला हसत. पुरवठादार म्हणत, रणपिसे भाव खातात. एकदोघे त्याहून वाईट म्हणत: ‘आता यांनाच आमचं पाणी चालत नाही!’ सीतारामांनी या कोणालाही उत्तर दिले नव्हते, आणि नियमाचे कारण त्यांनी पत्नीला, प्रेमलाबाईंनाही, सांगितले नव्हते.

गाडी विजेवर चालणारी, उंच, पांढरीशुभ्र आणि तीन वर्षे वापरलेली होती. रिसबूडांचा मुलगा आमोद तीन महिन्यांपूर्वी जर्मनीला गेला, त्यामुळे ती विकायची होती. खराडीच्या एका कंपनीत टीम लीडर असलेल्या चेतनला ती पहिल्या फोटोपासूनच आवडली होती. विश्रांतवाडीच्या घरी खालच्या पार्किंगमध्ये सोनालीने, त्याच्या बायकोने, चार्जिंगचा पॉइंट गेल्याच आठवड्यात बसवून घेतला होता. त्या पॉइंटच्या बरोबर वर सीतारामांची खोली होती. तिथे ते, प्रेमलाबाई आणि दोघांच्या मधे आडवी होणारी चार वर्षांची नात आम्रपाली, अशी तिघे झोपत. गाडी पसंत पडली तर ती आज संध्याकाळीच त्या खोलीखाली येऊन उभी राहणार होती आणि रात्रभर वीज पिणार होती. ‘पसंत पडली तर’ हे शब्द फक्त सीतारामांच्या मनात होते. चेतनच्या मनात ते नव्हते.

“पप्पा, बघा,” चेतनने डॅशबोर्डखाली जोडलेले बोटाएवढे यंत्र काढले आणि फोन पुढे केला. “बॅटरी हेल्थ चौऱ्याण्णव टक्के. तीन वर्षांच्या गाडीला हे एकदम मस्त आहे.”

“चौऱ्याण्णव!” रिसबूड म्हणाले. “आमच्या सबंध खानदानात मॅट्रिकला एवढे कोणाला नव्हते.”

“ही गाडी कधी पाण्यात गेली होती का?” सीतारामांनी विचारले.

“गाडी आहे, रणपिसे. होडी नव्हे.”

चेतन पुन्हा हसला. सीतारामांनी खिशातून वही काढून प्रश्न लिहिला आणि उत्तराची जागा कोरी ठेवली. मग पिशवीतून टॉर्च, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा दांडीचा लहान आरसा आणि इस्त्री केलेला पांढरा रुमाल काढून त्यांनी ते सगळे सीटवर ओळीने मांडले.

“तुम्ही गाडी घ्यायला आलात की पंचनामा करायला?” रिसबूड म्हणाले. “चालू द्या, चालू द्या. पण हे प्रकरण सूर्यास्तापर्यंत चालेलसं दिसतंय. चेतनराव, आपण वर बसू. हिनं थालीपीठ लावलंय.”

“पप्पा, तुम्ही पण चला ना. पाच मिनिटं.”

“तू जा.”

“असं बरं दिसत नाही, पप्पा,” चेतन दबक्या आवाजात म्हणाला.

“तू जा म्हटलं ना.”

लिफ्टपाशी पोहोचल्यावर चेतनने काय केले, ते सीतारामांना गाडीच्या काचेतून दिसले. त्याने शर्टाची कॉलर सारखी केली, आणि उजव्या बुटाचे टोक डाव्या पोटरीवर, पँटच्या मागच्या बाजूला, घासून पुसले. ज्याच्या हाताखाली चौदा इंजिनिअर काम करतात, ज्याने दोनदा अमेरिका पाहिली, त्याने एका निवृत्त शिक्षकाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जाण्यापूर्वी बूट पुसले. ती हालचाल सीतारामांच्या ओळखीची होती. ती त्यांनी स्वतः केली होती. फक्त त्या वेळी पायात चपला होत्या.

लिफ्ट वर गेली. सीतारामांनी काम सुरू केले.

गाडीला सुगंध येत होता. त्यांना सुगंधाचा भरवसा कधीच वाटला नाही; वासाला कारण असते, सुगंधाला हेतू असतो. पायाखालचे गालिचे कोरे होते. ते उचलून त्यांनी सीट ज्या रुळांवर सरकते ते रूळ पाहिले. रुळांवर काळा रंग दिला होता, पण तो बोल्टांच्या डोक्यांवरही चढला होता. कारखान्यात बोल्ट रंगानंतर बसतात, आधी नाही. त्यांनी वहीत लिहिले. मग ते मागच्या सीटवर बसले आणि त्यांनी सुरक्षेचा पट्टा ओढायला सुरुवात केली.

पट्टा माणूस ओढतो तो स्वतःच्या पोटाच्या मापाने. बाकीचा पट्टा खांबाच्या आत गुंडाळलेलाच राहतो. धुणारा तिथवर जात नाही, विकणारा जात नाही आणि घेणाराही जात नाही. सीतारामांनी तो हातावर हात टाकत, विहिरीचा दोर ओढावा तसा, संपेपर्यंत ओढला. वर काळा असलेला पट्टा खाली करडा झाला, आणि शेवटच्या वितीला तो करडाही राहिला नाही. तिथे वाळलेल्या गाळाचा पिवळट तपकिरी थर होता आणि त्याची वरची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. त्यांनी पांढऱ्या रुमालाने ती वीत पुसली, रुमाल नाकाशी नेला. नदीचा वास कोणत्याही सुगंधाखाली लपत नाही.

मग गुडघे टेकून, नंतर फरशीवर आडवे होऊन, त्यांनी आरसा गाडीखाली सरकवला. बॅटरीची सपाट, रुंद पेटी दिसली. तिला गाडीशी धरून ठेवणाऱ्या बोल्टांच्या कडा पान्याने घसटल्या होत्या. पेटी कधीतरी उतरवली गेली होती. झाकणाच्या सांध्यावर मूळचा काळा लेप होता आणि मधे हातभर लांबीवर राखाडी, बोटाने फासलेला, दुसराच लेप होता.

सीताराम उठून बसले. आणि त्यांना राग आला.

कोणी आपल्याला फसवू पाहतो याचा राग त्यांना येत नसे; तपासनिसाला फसवण्याचा प्रयत्न होणारच, त्यासाठीच त्याला पगार असतो. त्यांना राग आला तो त्या काळजीचा. कोणीतरी गालिचे बदलले, रूळ रंगवले, सुगंधाची कुपी टांगली, एवढी सगळी मेहनत घेतली; आणि शेवटची वीत मात्र सोडली, कारण समोरचा माणूस तिथपर्यंत ओढणार नाही अशी त्याची खात्री होती. समोरच्याच्या संकोचावर केलेला तो हिशोब होता. त्या हिशोबात चेतन वर बसून थालीपीठ खात होता.

लिफ्ट खाली आली. चेतन एकटाच होता. त्याच्या एका हातात द्रोण आणि द्रोणात पेढा होता.

“पप्पा, ठरलं! काका पेपर्स घेऊन येतायत. तोंड गोड करा.”

“काय ठरलं?”

“गाडीचं. मी शब्द दिला. पेढा पण खाल्ला. काय माणसं आहेत पप्पा, खरंच! काकूंनी आग्रह करकरून वाढलं. मला म्हणाले, आमोदच्या खुर्चीवर बस.”

“शब्द परत घे.”

“काय?”

सीतारामांनी पट्टा ओढून दाखवला, रुमाल दाखवला, आरसा त्याच्या हातात दिला. चेतनने गाडीखाली पाहिले. उठताना त्याचा चेहरा उतरला होता. पण दुसऱ्याच क्षणी तो चेहरा त्याने सावरला, आणि ते सावरणे सीतारामांना अधिक असह्य झाले.

“असेल काहीतरी. पण बॅटरी चौऱ्याण्णव आहे ना? आणि आठ वर्षांची वॉरंटी आहे तिला.”

“उघडलेल्या पेटीला वॉरंटी कोण देतो? आज चौऱ्याण्णव आहे, कबूल. ओल आत शिरली की ती घाई करत नाही, चेतन. वर्षभर गप्प बसेल. मग एका रात्री, चार्जिंगला लावलेली असताना, आमू वर झोपलेली असताना—”

“पप्पा, हळू बोला! वर ऐकू जाईल.”

“जाऊ दे ऐकू!”

“तुम्हाला कळत नाहीये. त्यांनी आपल्याला घरात घेतलं, टेबलावर बसवलं, इतकं केलं. आता खाली येऊन त्यांना चोर म्हणायचं? काय म्हणतील ते? म्हणतील, शेवटी यांनी—” चेतन थांबला.

“बोल. शेवटी कोणी?”

चेतनने लिफ्टकडे पाहिले.

“टेबलावर बसायला मिळालं म्हणून तोंड बंद ठेवायचं असेल,” सीताराम म्हणाले, “तर त्या टेबलात आणि माझ्या आज्याला जिथं बसवायचे त्या अंगणात फरक काय राहिला? तिथं निदान थालीपीठ देऊन गप्प बसवत नव्हते!” त्यांचा आवाज खांबांवर आपटून परत आला. “सोजरमावशीचा हात कशानं गेला, सांग.”

चेतन गोंधळला. सोजरबाई त्यांच्याच गल्लीत राहत. प्रेमलाबाई महापालिकेच्या शाळेत शिकवायला जात, तेव्हा चेतनला त्याच सांभाळत. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे नव्हती. डाव्या हाताने भरवलेल्या वरणभातावर चेतन मोठा झाला होता.

“स्फोटात. फॅक्टरीत. त्यांचीच घाई झाली होती ना?”

“तिची घाई नव्हती. माझी सही होती.”

सीताराम मीटरांच्या कट्ट्यावर बसले. शेजारी बशीने झाकलेले भांडे होते. त्याला धक्का लागू नये म्हणून ते थोडे सरकले.

“तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी मला मांजरी गावी पाठवलं. उसाच्या मळ्याला लागून एकाचं वर्कशॉप होतं. रबरी रिंगा करायचा. स्फोटकाच्या नळकांड्यात ओल जाऊ नये म्हणून झाकणाखाली बसवायच्या. पंधरा खोकी होती. पाच उघडायची, असा नियम. मी दोन उघडली आणि मालक म्हणाला, साहेब, आधी जेवून घ्या. मोठं घराणं, चेतन. माझ्या बापानं अशा घराच्या जोत्याला हात लावला नव्हता. त्या माणसानं माझ्या हातावर स्वतः पाणी घातलं. स्वतःच्या शेजारी पाट मांडला. त्याची बायको वाढायला. मी आत जाताना चपलांची धूळ पँटला पुसली होती. जेवण झालं, आणि तिसरं खोकं उघडायला माझा हात उठला नाही. ज्यानं शेजारी बसवून जेवू घातलं, त्याच्या मालावर संशय कसा घ्यायचा? कागदावर लिहिलं, पाच तपासली. मंजूर.”

“मग?”

“मग काय! न उघडलेल्या खोक्यांतल्या रिंगांना चिरा होत्या. नळकांड्यांत ओल गेली. सोजरबाई लाइनवर होती. तिच्या हातात एक फुटलं. चौकशीत तिचा हलगर्जीपणा ठरला, कारण रिंगांच्या कागदावर ‘मंजूर’ होतं. नोकरी गेली. आणि मी गप्प बसलो. तू पोटात होतास, क्वार्टर मिळायचं होतं, पहिली सरकारी नोकरी घरातली. कारणं भरपूर होती. मी ती सगळी वापरली.”

रस्त्यावर कोणीतरी ‘गाडी काढा’ म्हणून हॉर्न वाजवत होते.

“मावशीला माहितीये?”

“नाही. ती अजून म्हणते, माझीच घाई नडली.”

लिफ्टचे दार उघडले. रिसबूड कागदांची फाइल घेऊन आले. मागे श्यामलाबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. बाहेर ओढलेला पट्टा दारातून लोंबत होता आणि त्याच्या टोकाशी मळलेला रुमाल होता. रिसबूडांनी तो पाहिला आणि पाहिला नाही असे केले.

“झालं समाधान?”

“ही शेवटची वीत पाहा, साहेब,” सीताराम म्हणाले.

“पाहिली. आमोदच्या मित्रांनी ताक सांडलं असेल. मुलं आहेत.”

“ताक खांबाच्या आत चढत नाही. आणि त्याची कड सरळ नसते.”

रिसबूडांनी फाइल गाडीच्या टपावर ठेवली. त्यांच्या आवाजातली गंमत संपली. “रणपिसे, मी तासभर पाहतोय. तुम्ही आलात तेव्हापासून आमचं पाणी नाकारलंत. वर यायला नकार दिलात. तुमचा मुलगा आमच्या पंगतीला बसून जेवला. आमच्या घरात असले भेद माझ्या वडिलांपासून नाहीत. मग हा राग कशाचा आहे? कुठल्या जमान्यातला राग इथं काढताय?”

सीताराम उभे राहिले. संताप त्यांच्या कानशिलांपर्यंत चढला होता. पण वाक्य त्यांनी, कागदावर लिहावे तसे, सावकाश उच्चारले.

“राग गाडीचा आहे. तुम्ही त्याला जातीचा करताय, म्हणजे मला पट्ट्याविषयी बोलता येऊ नये. चेतन तुमच्याकडे जेवला, त्याबद्दल वहिनींचे आभार. त्यानं जेवल्यानं गाळ धुतला जात नाही.”

“पप्पा, थांबा.” चेतन पुढे आला. द्रोण त्याने गाडीच्या टपावर, फाइलीशेजारी, ठेवला. “काका, गाडी पाण्यात होती का?”

“मी मघाशीच सांगितलं.”

“नाही. मघाशी तुम्ही होडी म्हणालात. मी हसलो. उत्तर तुम्ही दिलं नाहीत, आणि मी ते मागितलं नाही. माझी मुलगी चार वर्षांची आहे. ही जिथं चार्जिंगला लागणार, त्याच्या वरच्या खोलीत ती झोपते. हो की नाही, एवढंच सांगा.”

“आमोदनं सगळं व्यवस्थित करून—”

“सीटच्या वर आलं होतं,” श्यामलाबाई म्हणाल्या.

“श्यामला!”

“नदीचं पाणी आमोदच्या सोसायटीत शिरलं तेव्हा. दोन दिवस गाडी तशीच होती.” त्या नवऱ्याकडे पाहत नव्हत्या, ट्रेमधल्या कपांकडे पाहत होत्या. “नंतर पेटी उतरवून वाळवली, असं आमोद म्हणाला. यांना मी म्हटलं होतं, सांगून टाका.”

रिसबूडांनी टपावरची फाइल उचलून पुन्हा तिथेच ठेवली. हाताशी एकही तिरकस वाक्य नसलेला तो माणूस एकाएकी म्हातारा दिसू लागला. “नीट झाली आहे, असं मुलगा म्हणाला,” ते म्हणाले. “मुलाच्या शब्दावर बाप विश्वास ठेवतो. तुम्ही समजता तसला माणूस मी नाही, रणपिसे.”

“मी माणूस तपासायला आलो नव्हतो.”

सीतारामांनी वही गाडीच्या टपावर ठेवली आणि उभ्यानेच लिहिले. कोऱ्या सोडलेल्या जागेत उत्तर लिहिले, खाली ‘नामंजूर’ लिहिले, कारणे तीन ओळींत लिहिली, सही केली. मग त्याची जशीच्या तशी दुसरी प्रत काढली, ते पान रेषेवरून सरळ फाडले आणि रिसबूडांपुढे धरले. “पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवा. नाही दाखवलंत, तर ते तुमच्या सहीनं होईल, माझ्या नाही.”

रिसबूडांनी पान घेतले. वाचले नाही, पण फाडलेही नाही.

श्यामलाबाई ट्रे घेऊन वळल्या.

“वहिनी,” सीताराम म्हणाले, “आता पाणी घेतो.”

“ते तापलं असेल हो. थांबा, दुसरं आणते.”

“हेच चालेल.” त्यांनी बशी बाजूला ठेवली, भांडे उचलले आणि ते तोंड लावून, मधे न थांबता, तळापर्यंत प्याले. वाळ्याचा वास खरोखरच चांगला होता. रिकामे भांडे त्यांनी ट्रेमध्ये ठेवले आणि हात जोडले.

परतीच्या वाटेवर ऊन डोक्यावर आले होते. संगमाच्या पुलावर खाली नदी इतकी रोडावली होती, की तिने कधी कोणाच्या सीटची उंची गाठली असेल यावर विश्वास बसू नये. सीताराम मागे बसून मुलाच्या पाठीकडे पाहत होते. शर्टाची कॉलर मागून एका बाजूला मुडपली होती. ती सरळ करावी असे त्यांना वाटले, पण त्यांनी हात मांडीवरच ठेवला. ज्या बापाचा शब्द शेवटचा मानून हा मुलगा वाढला, तो बाप आज पार्किंगमध्ये मागे राहिला होता. त्याच्या जागी चेतन आता कोणाला मागे बसवून नेत होता, हे त्याच्या पाठीवरून कळत नव्हते.

विश्रांतवाडीच्या चौकातून आत वळल्यावर चेतनने घराचीच गल्ली घेतली. पण घराच्या चार घरे अलीकडे, एका निळ्या दारासमोर, त्याने स्कूटर थांबवली आणि इंजिन बंद केले. मागे वळून पाहिले नाही.

सीताराम उतरले. त्यांनी वही शर्टाच्या खिशातून काढून पिशवीत टाकली. इथे ती लागणार नव्हती. कडी वाजवण्याआधी त्यांचा उजवा पाय सवयीने डाव्या पोटरीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. चपलेवर धूळ होती. ती त्यांनी राहू दिली.

“कोण? भाऊ व्हय?” दार उघडत सोजरबाई म्हणाल्या. केस पांढरे, पाठीला किंचित बाक, उजवा हात पदराखाली. “या टळटळीत उन्हाचं कुठं निघालावता? चेहरा बघा कसा झालाय. बसा आधी. पाणी देते.”

त्या आत वळल्या. माठावरचे झाकण सरकल्याचा आवाज आला. डाव्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन, एक थेंब न सांडू देता, त्या बाहेर आल्या आणि त्यांनी तो पुढे धरला.

सीताराम बसले नव्हते. उंबऱ्याच्या बाहेरच उभे होते.

“आधी ऐका, सोजरबाई,” ते म्हणाले. “मग पाणी द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.”

तांब्या दोघांच्या मधे तसाच राहिला.